पंख्यावाल्याचं स्थळ

माझ्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, माणसावर फारसा विश्वास नव्हता आणि आभाळावर त्याहून कमी होता. पण या दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असं मात्र त्यांना कधीच पटलं नाही. माणूस खाली, आभाळ वर. त्यानं त्याचं बघावं, ह्यानं ह्याचं. हे अप्पांचं शास्त्र. या शास्त्रात एका वर्षी माझं लग्न अडकलं. आमच्या घरात बारसं असो की डोहाळजेवण, जेवणं झाली की कुणीतरी म्हणतंच, ‘ती पंख्याची गोष्ट सांग की.’ सांगायचं काम माझ्याकडे, कारण फजिती माझी झाली होती.

बालाघाटच्या डोंगराला पाठ लावून आमचं गाव बसलेलं आहे. अप्पांचं किराणा दुकान, शिवाय पेरणीच्या दिवसांत बियाणं. दुकानात मिठाच्या पोत्याच्या वर खिळ्याला पंचांग टांगलेलं असायचं. जून आला की गिऱ्हाईक आधी त्या खिळ्याकडे बघायचं, मग बियाण्याकडे.

"अप्पा, औंदा मृगाचं वाहन काय?"

"गाढव."

"मंजी कसं?"

"मंजी तूर घे. कापसाच्या नादी लागू नको."

आणि पाऊस ठरल्यासारखा आलाच नाही, तर अप्पांचं उत्तर तयार. "गाढवच ते. त्याच्या मनात आलं तर चालतं." पंचांग खोटं ठरायला जागाच नव्हती.

मी तेव्हा बीडला डी.एड. करत होते. गावात केबल आली होती, चौकात पिवळ्या अक्षरांचं एसटीडी आलं होतं, आणि आमच्या अभ्यासक्रमात पर्यावरण आलं होतं. मी एक तक्ता केला. पृथ्वी खाटेवर झोपलेली, तोंडात थर्मामीटर, कपाळावर ओली पट्टी. मॅडमनी वर्गात कौतुक केलं, म्हणून सुट्टीत तो तक्ता घरी आणून दुकानात लावला. लोकशिक्षण व्हावं, हा हेतू. साखर मोजता मोजता अप्पांनी तो बराच वेळ पाहिला.

"काय झालं बाईला?"

"ताप आलाय. पृथ्वीला."

"कशानं?"

"धुरानं. कारखाने, गाड्या. माणसामुळं हवामान बदलायलंय, अप्पा. पाऊस पहिल्यासारखा राहणार नाही."

"पहिल्यासारखा मंजी कधीसारखा?" अप्पांनी विचारलं. "माझ्या आजानं दुष्काळात बाभळीच्या शेंगा खाल्ल्यात. तवा कुठला धूर? गावात एक सायकल होती. ती बी पाटलाची, अन् ती बी पंक्चर."

एक दुष्काळ वेगळा आणि सगळ्या पृथ्वीचा ताप चढत जाणं वेगळं, हे आज मी सहावीच्या मुलांना नीट समजावते. तेव्हा मला परीक्षेपुरतंच येत होतं, आणि अप्पा परीक्षेतले प्रश्न विचारत नव्हते. मी म्हणाले, "पुस्तकात दिलंय."

"पुस्तकं पुण्याला छापतेत. तिथं पडतो पाऊस." त्यांनी पुडी बांधली. तक्ता मात्र काढला नाही. त्याच्यामागच्या भिंतीचा पोपडा निघालेला होता, तो झाकला गेला होता.

मग डोंगरावर पवनचक्क्या आल्या.

माझा मामा मांजरसुंब्याला ढाबा चालवायचा. त्या चौकातून पवनचक्क्यांची पाती घेऊन लांबलचक गाड्या वळायच्या. एवढी लांब की पुढच्या ड्रायव्हरचा ढाब्यावर चहा पिऊन व्हायचा तरी गाडीचा मागचा भाग अजून वळणावरच, असं मामा सांगायचा. मामाचं निम्मं सोडून द्यावं लागतं; पण आमच्या गावाच्या वळणावरचा मोठा कडुलिंब त्या गाड्यांसाठी तोडला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. अप्पा तोडलेल्या बुंध्याजवळ उभे होते. कंपनीचा एक माणूस लोकांना समजावत होता की ही स्वच्छ वीज आहे, हवा शुद्ध राहते.

"हवा शुद्ध कराया लिंब तोडला," अप्पा म्हणाले. "आता उरलंसुरलं शुद्ध करा अन् जावा."

पंखे फिरायला लागले, आणि गावातली लाईट होती तशीच जात राहिली. डोंगरावर वीज तयार होताना दिसायची आणि खाली आई चिमणी पुसत बसायची. ही वीज तारेतून दूर कुठंतरी जाते, असं कळलं. "मंजी विहीर आमच्या रानात अन् पोहरा मुंबईच्या हातात," अप्पा म्हणाले. हे मात्र मलाही पटलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण त्या वर्षी मृग गेला, आर्द्रा गेली. पश्चिमेकडून ढग यायचे, डोंगरावरून पळत पळत जायचे, आणि खाली नुसता वारा. डोंगरावर पंखे गरगर फिरत होते. लोकांनी एकदा ढगाकडे पाहिलं, एकदा पंख्याकडे पाहिलं, आणि गावाचं मत ठरलं. पंखे ढग पळवतात. हे मत सगळ्यांत पहिल्यांदा कुणी मांडलं यावर अजून वाद आहे. सगळ्यांत जोरात अप्पांनी मांडलं, यावर नाही.

मी सुट्टीला आले तेव्हा त्यांना गाठलं. "अप्पा, माणसाच्या धुरानं हवामान बदलत न्हाई म्हणता, अन् माणसाच्या पंख्यानं पाऊस जातो म्हणता. हे कसं काय?"

"धूर वेगळा, पंखा वेगळा."

"कसा वेगळा?"

"थांब, लाईट येऊ दे."

लाईट आली. अप्पांनी देवघरातली धूपदाणी आणली, गल्ल्याशेजारी ठेवली. धूर सरळ वर जायला लागला. "हे ढग." मग टेबलफॅन लावला. सगळा धूर तुरीच्या पोत्यावरून बाहेर गेला आणि तंबाखू घ्यायला आलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडावर बसला. "हे पंखे. धुरानं आभाळ येतं, पंख्यानं जातं. लिही तुझ्या तक्त्यावर."

म्हातारा खोकत खोकत म्हणाला, "पटलं."

"पण अप्पा," मी म्हणाले, "पवनचक्की वारा करत न्हाई. वाऱ्यानं ती फिरती."

"मंजी बैल गाडी वढीत न्हाई, गाडी बैलाला ढकलती?"

मी गडबडीत "हो" म्हणाले. पुढे आठवडाभर दुकानात येणारा प्रत्येक माणूस मला विचारायचा, "बाई, गाडीनं बैल ढकलला का?"

अशा दिवसांत, श्रावणात, मामानं माझ्यासाठी स्थळ आणलं.

मुलगा दिंद्रुडचा. घर आपल्यातलं, शेती बरी, सासू गरीब स्वभावाची, मुलाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. मामा इतकं बोलला, इतकं बोलला की मुलगा करतो काय, हे विचारायचं अप्पांच्या डोक्यातून निघून गेलं. किंवा ते निघून जावं म्हणूनच मामा इतका बोलला. डिप्लोमा झालाय आणि पगार वेळेवर होतो, एवढं पुरेसं वाटलं.

पाहुणे आले. आईनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता. मी साडी सावरत ट्रे घेऊन गेले आणि अर्धा सुशीला मुलाच्या वडिलांच्या धोतरावर ठेवला. मुलानं तिकडे न बघितल्यासारखं केलं. तेवढ्यात अप्पांनी विचारलं, "मंग पाव्हणं, नोकरी कुठं तुमची?"

"इथंच की," मुलगा म्हणाला. "तुमच्या डोंगरावर. पवनचक्कीवर हाय मी. देखभालीचं काम बघतो."

मामा उठून पाणी प्यायला गेला. पाणी त्याच्या समोरच ठेवलेलं होतं.

घरी आलेल्या माणसाला टाकून बोलणं अप्पांच्यात बसत नव्हतं. त्यांनी फक्त पाहुण्यांची बशी स्वतःकडे थोडी ओढली. मग शांतपणे विचारलं, "पंख्यानं ढग जातेत का हो?"

खरं सांगते, मला वाटलं आता हा म्हणेल, ‘असंल बी, अप्पा.’ एवढं म्हणायला काय लागतं? पण तो म्हणाला, "न्हाई जात."

"न्हाई?"

"ढग लई वर असतेत. पंख्याला ते दिसत बी न्हाईत." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमाला काय वाटतं?"

मला आजवर पाहुण्यांनी भाकरी थापता येते का, हे विचारलं होतं. चालून दाखव, म्हणाले होते. मला काय वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे उत्तराची तयारी नव्हती. मी म्हणाले, "मी बीडला असले की न्हाई जात. घरी असले की जातेत."

तो हसला. तोंडात चुरमुरे होते म्हणून ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी हसत राहिला. मला तिथंच कळलं की आपल्याला हे स्थळ पाहिजे. आणि अप्पांच्या तोंडाकडे पाहिल्यावर हेही कळलं की ते आपल्याला मिळत नाही.

पाहुणे गेल्यावर मामा म्हणाला, "दाजी, पोरगं सोन्यासारखं हाय."

"असंल. पण गावाचा पाऊस पळविणाऱ्याला मी पोरगी दिली, तर उद्या दुकानात कोण येईल? लोक थुकतील."

"मग न्हाई म्हणून कळवू?"

आत आई भांडी जरा जास्तच आवाज करून ठेवत होती. शेवटी अप्पा म्हणाले, "पावसाचं काय ते होऊ दे. मग बघू."

म्हणजे माझं लग्न पावसाच्या हवाली झालं. त्या वर्षीच्या पावसाच्या, ज्याचं वाहन गाढव होतं.

श्रावण कोरडा चालला तसं गावानं महादेव पाण्यात ठेवायचं ठरवलं. आमच्याकडे ही जुनी रीत. गाभाऱ्यातली पाणी जायची मोरी चिंध्यांनी गच्च बुजवायची, घरटी घागर आणून ओतायची, पिंड बुडाली की दार लावून घ्यायचं. देवाचा जीव गुदमरला की देव पाऊस सोडतो. आता गावालाच पाणी टँकरचं, तेही दिवसाआड. पण देवाला नाही कोण म्हणणार? आई घागर उचलताना म्हणाली, "देवाला बुडवाया पाणी हाय. मला भांडे घासाया न्हाई."

शेवटच्या सोमवारी सगळं गाव घागरी घेऊन लोटलं. पाणी पिंडीच्या निम्म्यापर्यंत चढलं आणि तिथंच थांबलं. गाभाऱ्याच्या फरशीला कुठंतरी भेग होती. वरून ओतावं तेवढं खाली जात होतं. काळी माती लिंपली, डांबर लावलं. पाणी निम्म्याच्या वर चढेना. देवाचा गळा मोकळाच. आणि वर डोंगरावर पंखे जोरात.

"एकीकडं आमी देवाला कोंडायलोत अन् दुसरीकडं हे वारा घालायलेत," अप्पा म्हणाले. "चला वर. पंखे बंद करा म्हणून सांगू."

मी मनात म्हटलं, संपलं. होणारा सासरा होणाऱ्या जावयाच्या दारात मोर्चा घेऊन निघालाय, आता कसलं होणारं आणि कसलं काय.

वर काय झालं ते मामाकडून कळलं; तो ढाबा सोडून मुद्दाम आला होता. अप्पांनी पुढे होऊन सांगितलं, देव पाण्यात हाय तोवर पंखे बंद ठेवा. मुलानं सगळ्यांना बसायला सांगितलं, पाणी दिलं. म्हणाला, "माझ्या हातात न्हाई अप्पा. बंद करायचा हुकूम वरून यावा लागतो."

"आमी बी वरच्याचीच वाट बघायलोत," अप्पा म्हणाले.

मग मुलानं विचारलं, देव बुडाला का? शेवटी गुरव म्हणाला, "गळ्याशी अडलाय. पाणीच कमी पडतंय."

मुलाकडे बांधकामाच्या पाण्याचा टँकर उभा होता. पुढच्या चक्कीचा पाया भरायला ते पाणी होतं. तो साहेबांना फोन करून आला आणि म्हणाला, "टँकर घेऊन जावा. पायाला मी उद्या दुसरा मागवतो."

गाव पंखे बंद करायला गेलं होतं आणि पवनचक्कीच्या पाण्याचा टँकर घेऊन परत आलं. टँकरच्या पुढे ड्रायव्हरशेजारी अप्पा. ते सरळ समोर बघत होते. टँकरचा पाईप गाभाऱ्यात सोडला. भेगेतून जायचं ते जाऊ दे, पाणी तिच्यापेक्षा जोरात आलं. पिंड बुडाली. गुरवानं दार लावलं.

आणि एक-दोन दिवसांत वारा पडला.

एकदम पडला. झाडाचं पान हलेना. दुकानात अप्पांच्या अंगाला बनियन चिकटलं. मी अंगणात येऊन डोंगराकडे पाहिलं तर सगळे पंखे उभे, हात पसरून उभ्या राहिलेल्या बायांसारखे. गावभर झालं, पंख्यावाल्यानं अप्पांचा शब्द राखला. पोळ्याच्या नंतर, उकाड्यानं जीव नकोसा झाला असताना, दुपारी पूर्वेकडून काळंभोर आभाळ चढलं आणि असा पाऊस कोसळला की दुकानातलं मीठ वाचवताना आमची पळापळ झाली. तूर वाचली. ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायचं ठरवलेली माणसं उचल घ्यायची थांबली.

गावानं पंख्यावाल्याचा सत्कार ठरवला. महादेवाच्या अंगणात हलगी वाजली. मुलगा आला, लाजत, पायाला चिखल. मामा त्याच्या मागे उभा राहून दात काढत होता. त्याच्या दृष्टीनं सुपारी फुटल्यातच जमा होती. माझ्याही. अप्पांच्या हातात नारळ होता आणि नजर मऊ झाली होती. ती नजर मी ओळखते. उधारी मागायला आलेल्या माणसाला ते ‘बरं, ने’ म्हणायच्या आधी तशीच व्हायची.

सरपंचांनी हार घातला. म्हणाले, "गावाचं ऐकून पंखे बंद ठेवले, म्हणून पाऊस आला. दोन शब्द बोला."

मुलगा हार सावरत म्हणाला, "मी पंखे बंद केले न्हाईत."

हलगी थांबली.

"वारा पडला म्हणून ते आपोआप थांबले. अन् आपल्याकडं ह्या दिवसात वारा पडला, उकाडा झाला, तरच पाऊस येतो. पंखे थांबले म्हणून पाऊस न्हाई आला. वारा पडला म्हणून पंखे थांबले, अन् वारा पडला म्हणूनच पाऊस आला."

मागून कुणीतरी म्हणालं, "व्हय म्हण की बे. हार तर घातलाय."

मी बायकांच्या मागे खांबाला धरून उभी होते. उद्या जी मुलांना ‘सत्य बोला’ शिकवणार, ती बाई महादेवाच्या दारात हात जोडून मनात म्हणत होती, देवा, ह्याला थोडं खोटं बोलू दे. एवढ्याशानं कुणाचं काय जातंय? आई माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळत होतं.

अप्पा पुढे झाले. "मंजी तुमी बटण दाबलंच न्हाई?"

"न्हाई, अप्पा."

"दाबलं म्हणले असते तर आज सुपारी फुटली असती. ठाऊक हाय का?"

"हाय ठाऊक."

"मग कावून न्हाई म्हणले?"

मुलानं पायाचा चिखल दगडाला पुसला. "पुढल्या साली पाऊस लांबला तर तुमी पुन्हा मलाच बटण दाब म्हणाल. सासरे म्हणून म्हणाल. मग मी काय दाबू?"

गर्दीतले दोघे-तिघे हसले आणि अप्पांकडे बघून गप्प झाले. अप्पांनी नारळ या हातातून त्या हातात घेतला. गावासमोर त्यांचं शास्त्र उलटं झालं होतं, निदान ज्यांना कळलं त्यांच्यापुरतं. मला वाटलं, आता ते नारळ देवापुढे ठेवून घरी चालायला लागतील आणि मी पुढच्या स्थळासाठी पुन्हा साडी नेसेन.

"मेव्हणं," ते मामाला म्हणाले.

"जी, दाजी." मामाचे दात केव्हाच मिटले होते.

"पोरगं खोटं बोलत न्हाई."

"न्हाई जी."

"पण ह्याला वाऱ्यापावसातलं काहीच कळत न्हाई."

मामानं घाईनं मान हलवली. "काहीच न्हाई."

"चालंल," अप्पा म्हणाले. "इमान कुठं इकत मिळत न्हाई. अक्कल माझ्याजवळ हाय, लागंल तशी देत जाईन." आणि त्यांनी पायरीवर नारळ फोडला.

हलगीवाल्याला काय झालं ते नीट कळलं नव्हतं, तरी त्यानं वाजवायला सुरुवात केली. आई डोळ्याला पदर लावून हसत होती. मी खांब सोडला तर हाताला सगळा शेंदूर लागलेला.

अप्पांनी खोबऱ्याची शकलं वाटली. मुलाच्या हातावर एक ठेवून ते जरा जवळ सरकले आणि आवाज खाली आणला, पण अप्पांचा खाली आणलेला आवाजही अंगणभर ऐकू जायचा.

"लगीन तुळशीच्या लग्नानंतर धरू. तवा अवकाळीचं भ्या असतं. लग्नाच्या दिशी तेवढे सगळे पंखे चालू पायजेत. मांडवावर थेंब नको."

मुलानं तोंडातलं खोबरं सावकाश चावलं. "वारा असला तर, अप्पा."

"बघा," अप्पा मामाकडे वळून म्हणाले, "अजून तेच."